डोक्याशी बसणारं माणूस

“सिस्टर, ती फोर्सेप्स द्या इकडे.”

“नाही देत.”

माझ्या नोकरीचा पहिला दिवस होता आणि पहिलाच पेशंट टेबलावर होता. डॉक्टरांना कुणी असं तोंडावर ‘नाही’ म्हणू शकतं, हे मला माहीत नव्हतं. फोर्सेप्स एस्तेर सिस्टरांच्या हातापासून वीतभर अंतरावर होती. त्या पेशंटच्या डोक्याशी स्टुलावर बसल्या होत्या. उजव्या हाताचा पंजा पेशंटच्या बरगड्यांवर सपाट ठेवलेला, नजर त्याच्या तोंडाकडे. त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

“बघितलंस नलवडे?” डॉ. हेब्बाळकर दुर्बिणीच्या पडद्यावरची नजर न काढता मला म्हणाले. “आमच्या सिस्टर पगार घेऊन बसतात. बसायचाच पगार. तू दे बाई.”

मी फोर्सेप्स दिली. मास्कच्या आड सिस्टर हसल्याचं डोळ्यांवरून कळलं.

मिरजेतलं ते वीस खाटांचं हॉस्पिटल. तळमजल्याच्या मागच्या अंगाला दुर्बिणीची खोली. घशातून नळी उतरवून जठर बघायचं, पोटातल्या जखमेचं रक्त थांबवायचं, पित्ताच्या नळीत अडकलेला खडा काढायचा, अशी कामं तिथे चालायची. गुरुवारी तर अथणी, जत, कवठे महांकाळ अशी चहूकडची माणसं उपाशीपोटी येऊन बाकांवर बसलेली असायची. सकाळी आठला सुरू झालं की दुपारी तीनपर्यंत कुणाला पाणी प्यायलाही फुरसत नसे. क्ष-किरणांसाठी अंगावर शिशाचा जड एप्रन, वर पंखा बंद, कारण पंख्याने कागद उडायचे. संपलं की कॉरिडॉरच्या पायरीवर बसून आम्ही सिस्टरांच्या डब्यातलं भडंग खायचो आणि समोरच्या टपरीवरचा चहा प्यायचो. तसा चहा नंतर मला कुठेच मिळाला नाही. खरं तर तो फार गोड आणि गार झालेला असायचा.

मी फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले होते आणि टेक्निशियन म्हणून लागले होते. मला मोजायची सवय होती. चहा सांगितल्यापासून येईपर्यंत सरासरी अकरा मिनिटं लागतात, हेही माझ्या वहीत होतं. त्यामुळे सिस्टरांच्या त्या हाताने मला पहिल्याच आठवड्यात पछाडलं.

“सिस्टर, हाताला नेमकं काय कळतं?”

“येतोय-जातोय ते कळतं.”

“श्वास?”

“नाही, एसटी.” मग जरा थांबून म्हणाल्या, “झोपेचं इंजेक्शन दिलं की जीभ मागे पडते, श्वास आखडतो. ते आधी हाताला कळतं. मी शिकले तेव्हा हे यंत्र नव्हतं. आमच्या मोठ्या सिस्टर सांगायच्या, डोक्याशी बसलेल्या माणसाला दुसरं काम नाही. फोन वाजला, वाजू दे. देव जरी दारात आला तरी म्हणायचं, बाबा, जरा थांब.”

“आणि यंत्र?”

“ते पण बघावं की. चांगलं आहे.”

यंत्र माझ्याबरोबरच आलं होतं. पेशंटच्या बोटाला चिमटा लावायचा, की रक्तातला ऑक्सिजन किती टक्के ते हिरव्या आकड्यात दिसायचं. नव्वदच्या खाली गेलं की यंत्र ओरडायचं. मला त्याचं फार अप्रूप होतं. आकडा म्हणजे आकडा. तो कुणाच्या पंजावर अवलंबून नसतो.

सिस्टर मात्र बहुतेक दिवशी एकदा म्हणायच्या, “सर, थांबा जरा.” मग डॉक्टर थांबत, सिस्टर पेशंटची हनुवटी वर उचलत, कानाशी वाकून म्हणत, “मामा, श्वास घ्या. मोठा. हां.” अर्ध्या मिनिटाने म्हणत, “चला.” आणि त्या सगळ्या वेळात माझा हिरवा आकडा शांतपणे सत्त्याण्णव नाहीतर अठ्ठ्याण्णववर असायचा.

मी वहीत रकाने आखले. तारीख, पेशंट, सिस्टर कधी बोलल्या, काय केलं, आकडा किती. दीड महिना नोंदी ठेवल्या. कुणी सांगितलं नव्हतं. कुतूहल म्हणून.

त्याच सुमाराला दुर्बिणी धुणाऱ्या वत्सलामावशी काम सोडून गेल्या. दुर्बिणी ज्या रसायनात बुडवून ठेवायच्या ते फार उग्र. शेजारची धुण्याची खोली म्हणजे एक मोरी आणि रंग लावताना कायमची चिकटून बसलेली खिडकी. आत गेलं की डोळे चुरचुरत, घसा धरे. मावशी म्हणाल्या, “मी चार घरची भांडी घाशीन, पण हे नको. रात्रीला छाती वाजतीया माझी.” नव्या बाई आल्या, तीन दिवसांत गेल्या.

डॉक्टर मला म्हणाले, “नलवडे, माणसं तीन, कामं चार. मला सांग, कोण कमी केलं तर चालेल? लिस्ट कमी करायची म्हटलं तर त्या बाकावरच्या लोकांना काय सांगू? परत जा म्हणू?”

ते वाईट नव्हते. सकाळी आठपासून उभे असायचे आणि ज्याच्याकडे पैसे नसत त्याला ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणायचे. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. आणि माझ्याकडे उत्तर होतं. वहीत.

“सर, एकतीस वेळा सिस्टरांनी थांबवलं,” मी पान उलगडून दाखवलं. “त्यातल्या चारच वेळा आकडा नव्वदच्या खाली गेला. सत्तावीस वेळा आकड्याला काहीही झालेलं नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे सत्तावीस वेळा उगाच.”

‘उगाच’ हा शब्द मी वापरला. तो डॉक्टरांचा नव्हता, माझा होता.

दुसऱ्या दिवसापासून यंत्र माझ्या समोरच्या कोपऱ्यात आलं. मी डॉक्टरांना हत्यारं द्यायची आणि अधूनमधून आकडा बघायचा. सिस्टरांनी धुण्याची खोली सांभाळायची. डॉक्टरांनी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी वही मागून घेतली, चष्मा लावून सगळी पानं पाहिली.

“अक्षर छान आहे गं तुझं,” म्हणाल्या, आणि हातमोजे घालून निघून गेल्या.

दारात थांबून एवढंच म्हणाल्या, “त्या ट्रेमध्ये उतारा आहे. झोपेच्या इंजेक्शनवरचा. तो हाताशी राहू दे.”

मी तो आठवडाभर हाताशी ठेवला. मग कुपी पडून फुटेल, महाग आहे, म्हणून कपाटात नीट रांगेत लावून ठेवला.

पुढचे पाच आठवडे सगळं सुरळीत चाललं. काम लवकर संपू लागलं. पायरीवरची बैठक मात्र मोडली, कारण आमचं संपलं तरी सिस्टरांच्या दुर्बिणी भिजत असायच्या. भिंतीपलीकडून त्यांचा खोकला ऐकू यायचा. एकदा मी चहा घेऊन गेले, तर म्हणाल्या, “बाहेर ठेव. इथे चहालापण वास लागतो.”

आणि एका गुरुवारी बिरू वाघमोडे आले. जत डेपोचे एसटी ड्रायव्हर. पंचावन्नच्या आसपासचे, मान खांद्यातच उतरलेली, डोळे काविळीने पिवळे. पित्ताच्या नळीत खडा अडकला होता.

“म्याडम, ही एवढी पाइप घशातनं घालणार व्हय?”

“कळणार नाही तुम्हाला. झोपेचं इंजेक्शन देणार आहोत.”

“झोपेचं नगा काळजी करू. मी बसल्याजागी झोपतो. फकस्त गाडी चालवताना न्हाई.” आणि दाराशी उभ्या असलेल्या बायकोकडे वळून म्हणाले, “जा गं, बस भाईर. गाडी सर्व्हिशिंगला लावलीया, तासाभरात काढू.”

ती हसली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बाहेर गेली.

त्यांना डाव्या कुशीवर घेतलं. नाकाला ऑक्सिजनची नळी, बोटाला चिमटा. आकडा शंभर. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. अंगाने दांडगे होते, म्हणून थोडं आणखी दिलं. मिनिटभरात वाघमोडे असे घोरायला लागले की डॉक्टर म्हणाले, “अय्यो, हा तर घाट चढतोय.”

क्ष-किरणांचा पडदा दिसावा म्हणून दिवे मालवलेले. मी दोन्ही हातांनी बारीक तार सांभाळत होते. डॉक्टर सांगतील तशी ती केसाएवढी पुढे, केसाएवढी मागे. खडा दिसत होता, तार त्याच्या बाजूने सरकत नव्हती. दोघांचीही नजर पडद्याला खिळलेली. मी मधूनच मान वळवून आकडा पाहत होते. नव्व्याण्णव. नव्व्याण्णव.

डॉक्टरांनी इंजेक्शनचा आणखी थोडा भाग दिला. जरा वेळाने घोरणं थांबलं.

बरं झालं, असं मला वाटलं. खरंच वाटलं. डॉक्टरही म्हणाले, “आत्ता कसा शांत झोपला. तार घे पुढे. हळू. हळू.”

दार उघडलं. धुतलेली दुर्बीण दोन्ही हातांत आडवी धरून एस्तेर सिस्टर उभ्या होत्या.

“हा घोरत होता ना?” त्या म्हणाल्या. “भिंतीपलीकडे ऐकू येत होतं. का थांबला?”

“अठ्ठ्याण्णव आहे, सिस्टर,” मी म्हणाले.

त्यांनी काही लाखांची ती दुर्बीण जमिनीवर ठेवली. ठेवली म्हणजे जवळपास टाकलीच. दोन पावलांत टेबलाशी आल्या आणि ओला हात वाघमोड्यांच्या बरगड्यांवर टेकवला. एक, दोन, तीन सेकंद.

“सर, बाहेर काढा. श्वास नाही.”

“आकडा—” मी म्हणायला गेले.

“काढा!”

डॉक्टरांनी नळी ओढून बाहेर काढली. मी दिवे लावले. वाघमोड्यांचे ओठ मला काळपट दिसले. पण अजूनही, अजूनही तो आकडा शहाण्णव होता. तिघांनी मिळून त्यांना उताणं केलं. सिस्टरांनी दोन्ही हातांनी त्यांचा जबडा पुढे ओढून धरला. डॉक्टरांनी मास्क तोंडावर दाबला. श्वास देणारा फुगा दाबायला लागले.

“शर्वरी, उतारा!” सिस्टर मला ओरडल्या.

ट्रे रिकामा होता. मी कपाटाकडे धावले. किल्ली एप्रनखाली, खिशात. एप्रनच्या पट्ट्या सुटेनात. पाठीमागे यंत्र आता ओरडायला लागलं होतं. एकोणनव्वद नव्हे, चौऱ्याऐंशी नव्हे. मी कुपी घेऊन वळले तेव्हा त्याने एकाहत्तर दाखवलं. कुपी फोडताना माझ्या बोटाला काच लागली, ते संध्याकाळी कळलं.

डॉक्टर फुगा दाबत होते. छाती वर येत होती, खाली जात होती. पण ते डॉक्टरांच्या हातांचं काम होतं. उताऱ्याचं इंजेक्शन गेलं. सिस्टर पेशंटवर वाकल्या आणि भाजी मंडईत हाक मारावी तशा ओरडल्या, “ओ वाघमोडे! डेपो आला! उठा!”

काही नाही.

“वाघमोडे! प्याशिंजर उतरायला लागलेत! उठताय की नाही!”

आणि त्या मोठ्या छातीने आपणहून, एक हिसका देऊन, श्वास आत ओढला. मग आणखी एक. सिस्टर जबडा धरून तशाच उभ्या राहिल्या आणि खोकल्याची उबळ आली म्हणून त्यांनी तोंड खांद्यात खुपसलं, हात मात्र सोडले नाहीत.

दहा मिनिटांनी वाघमोड्यांनी डोळे उघडले, आमच्याकडे एकेक करून पाहिलं आणि जड जिभेने म्हणाले, “कंडक्टर... कुटं गेला?”

डॉक्टर हसायला गेले आणि भिंतीला टेकून खाली बसले.

त्या दिवशीची उरलेली लिस्ट त्यांनी रद्द केली. बाहेर जाऊन वाघमोड्यांच्या बायकोशेजारी बाकावर बसले आणि काय झालं ते सगळं सांगितलं. मी दारातून पाहिलं. तिने पदराचं टोक बोटावरून सोडवलं. मग एवढंच म्हणाली, “बघायला कोन हुतं?” डॉक्टरांनी मान खाली घातली. त्या प्रश्नाचं उत्तर मी होते.

दुपारी मी पुस्तकं काढून बसले. नाकातून ऑक्सिजन चालू असला की फुप्फुसांत त्याचा साठा असतो. श्वास थांबला तरी तो साठा संपेपर्यंत बोटावरचा आकडा मिनिट-दोन मिनिटं जागचा हलत नाही. यंत्र खोटं बोलत नव्हतं. मी त्याला विचारत होते एक आणि ते सांगत होतं दुसरं.

मग मी माझी वही उघडली. एकतीस ओळी. रकाना चौथा, ‘सिस्टरांनी काय केलं’. माझ्याच अक्षरात: हनुवटी उचलली. हाक मारली. हनुवटी. कूस बदलली. हाक. हनुवटी. हनुवटी. दीड महिना हा रकाना मी रोज भरला होता आणि हिशेबात एकदाही धरला नव्हता.

डॉक्टर त्यांच्या खोलीत एकटेच बसले होते.

“सर, मी चुकीचं सांगितलं होतं. त्या सत्तावीस वेळा आकड्याला काही झालं नाही, कारण सिस्टरांनी ते होऊ दिलं नाही.”

त्यांनी वही घेतली. वाचत राहिले.

“म्हणजे हे सत्तावीस उगाच नव्हते.”

“ते सत्तावीस वाघमोडे होते, सर.”

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, “आकडे तू आणलेस. पण मला हवे तेच आणलेस, म्हणून मी लगेच मानले. एकटी घेऊ नकोस अंगावर.” आणि उठले. “चल.”

सिस्टर मोरीशी उभ्या राहून जमिनीवर टाकलेली ती दुर्बीण तपासत होत्या.

“चालतेय अजून,” आम्हाला बघून म्हणाल्या. “लेन्सला ओरखडा नाही.”

“सिस्टर,” डॉक्टर म्हणाले, “गुरुवारी दहाच्या वर पेशंट घ्यायचे नाहीत. खडा काढायचा असेल तर भूलतज्ज्ञ आल्याशिवाय हात लावायचा नाही. ही खिडकी उद्या फोडून पंखा बसवतो. दुर्बिणी धुवायला दोन माणसं ठेवू, आलटून-पालटून. आणि तुम्ही डोक्याशी बसा. परत.”

सिस्टरांनी हातमोजे काढले. खोकल्या. थांबल्या, पुन्हा खोकल्या. मी पाणी दिलं.

“मी नाही बसणार, सर.”

“रागावलात?”

“रागावले होते. आता नाही.” त्यांनी उजवा पंजा समोर धरला. “खोकला आला की हा हलतो. हलत्या हाताला दुसऱ्याचा श्वास कळत नाही, आपलाच कळतो. आज तीन सेकंद खोकला दाबून धरला होता मी. रोज कसा दाबू?”

पाच आठवडे. वत्सलामावशींची छाती महिन्याभरात वाजायला लागली होती, हे मला माहीत होतं. वहीत मात्र त्याला रकाना नव्हता.

“मग कोण बसणार?” डॉक्टरांनी विचारलं.

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. “हिला मोजायची हौस आहे. बसू दे.”

हे सगळं होऊन सोळा वर्षं झाली. वाघमोड्यांचा खडा पुढच्या आठवड्यात भूलतज्ज्ञांच्या हाताखाली निघाला, आणि ते जाताना सिस्टरांना जत डेपोचं वेळापत्रक देऊन गेले. सिस्टर वर्षभराने निवृत्त झाल्या. खोकला कमी झाला, गेला नाही. आता मी काम करते त्या ठिकाणी सोडलेल्या प्रत्येक श्वासाची रेघ पडद्यावर उमटते, लिस्टला ठरलेली मर्यादा आहे आणि खिडक्या उघडतात. पण डोळ्यांसमोर येतो तो वाघमोड्यांच्या नंतरचा पहिला गुरुवार.

पहिल्या पेशंट कवठे महांकाळच्या शिक्षिका होत्या, बारीक अंगाच्या. इंजेक्शन दिलं. मी स्टुलावर बसले. सिस्टर माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनी माझं मनगट धरून पंजा त्या बाईंच्या बरगड्यांवर ठेवला.

“दाबू नको. फुलपात्रावर झाकण ठेवतो तेवढंच.”

“सुरू करू?” डॉक्टरांनी विचारलं. नळी त्यांच्या हातात तयार होती. पूर्वी ते असं विचारत नसत.

माझ्या हाताखाली काही नव्हतं. म्हणजे होतं, धडधड होती. पण ती माझ्याच बोटांतली होती. समोर हिरवा आकडा नव्व्याण्णव दाखवत होता. बाहेर नऊ माणसं उपाशी बसली होती.

“थांबा, सर,” मी म्हणाले.

डॉक्टर थांबले. सिस्टरांनी रुमालात खोकला दाबला. मी डोळे मिटले. आणि मग, फार खोलवरून, हात जेमतेम उचलला जाईल इतकंच, काहीतरी वर आलं आणि खाली गेलं. पुन्हा आलं. मी तिसऱ्यांदा येण्याची वाट पाहिली.

“आता करा.”